माडाची वही: रोप निवडण्यापासून खोबरेलापर्यंत, कोकणातल्या नारळबागेसाठी

माझ्या वडिलांनी एका पावसाळ्यात बागेतल्या सगळ्या माडांना पहिल्यांदाच शिफारशीप्रमाणे पूर्ण खत घातलं. पुढच्या वर्षी नारळ मोजले तर होते तेवढेच. त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळा कडक गेला आणि दोन-चार पेंडी (नारळांचे घोस) कमीच आल्या. "माडाक खत घालून काय उपेग नाय," म्हणून त्यांनी ते बंद केलं. चौथ्या वर्षी पेंडी अशा लगडल्या की पाडेकरी वरूनच ओरडून सांगू लागला. वडील म्हणाले, "औंदा पाऊस बरो लागलो." ते खताचं फळ होतं, हे मला फार उशिरा, माडाचं जीवनचक्र वाचल्यावर उमगलं. तोवर बाग सात-आठ वर्षं उपाशी राहिली होती.

माडाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय (फुलोरा) येते. ती उमलताना आपल्याला दिसते, पण तिचा अंकुर शेंड्याच्या आत त्याआधी सुमारे ३२ महिने धरलेला असतो. पोय उमलल्यावर नारळ पक्व व्हायला आणखी ११ ते १२ महिने लागतात. म्हणजे आज आपल्या हातात आलेल्या नारळाची सुरुवात साधारण ४४ महिन्यांपूर्वी झालेली असते. आज दिलेल्या खतापाण्याने पानं लवकर हिरवी होतात, बोंडांची (कोवळ्या नारळांची) गळ थोडी कमी होते, पण पोयींची खरी वाढ दिसायला तीन-साडेतीन वर्षं जातात. उपासमारीचा फटकाही तसाच उशिरा बसतो. आंब्याच्या, भाताच्या हिशोबाने माडाकडे पाहिलं की माणूस चुकतो.

म्हणून या लेखाची पहिली पायरी खड्डा किंवा रोप नाही. पहिली पायरी वही आहे.

वही कशी ठेवायची

प्रत्येक माडाला क्रमांक द्या. तो रंगाने खोडावर लिहा, खिळा ठोकून पत्रा लावू नका. खोडाला झालेली जखम सोंड्या भुंग्याला आमंत्रण असते आणि ती पुन्हा भरून येत नाही, कारण माडाला आंब्यासारखी साल नसते. चढायला सोपं जावं म्हणून खोडात खाचा पाडायची पद्धत काही ठिकाणी आहे, तीही याच कारणासाठी सोडून द्यावी.

वहीत एका माडाला एक पान. त्यावर लागवडीचं साल, जात, दर पाडणीचे नारळ, कोणत्या महिन्यात काय किती घातलं, आणि वर्षातून एकदा, मी दिवाळीच्या सुमारास करतो, शेंड्यातल्या हिरव्या झावळ्यांची मोजणी. निरोगी मोठ्या माडाला ३० ते ४० झावळ्या असतात आणि वर्षाला बारा-तेरा नव्या येतात. झावळ्यांची संख्या घटू लागली तर नारळ घटायच्या बरंच आधी तुम्हाला कळतं की माड खाली चाललाय. हिरवी झावळी कधीही तोडू नका. चुलीला झाप हवे, मांडवाला हवे म्हणून आमच्याकडे सर्रास तोडतात. पण झावळी गेली की तिच्या बगलेतल्या पेंडीचं पोषणच जातं.

पाच वर्षांची वही झाली की बाग तुमच्याशी बोलू लागते. आमच्या बागेत ३४ माडांपैकी सहा असे निघाले, जे खत खाऊनही वर्षाला पंचवीसच्या वर गेले नाहीत, आणि चार असे, जे दुष्काळी वर्षांतही शंभराच्या खाली आले नाहीत. त्या चारांचेच नारळ मी आता रुजत घालतो.

रोप

कोकणात जुना, खात्रीचा माड म्हणजे बाणवली. उंच वाढतो, सहा-सात वर्षांनी धरतो, ८० ते १०० वर्षं जगतो आणि बरी निगा असेल तर वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. ते आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथून आलेली प्रताप ही जात लहान, गोलसर पण संख्येने जास्त नारळ देते. शहाळ्यासाठी ठेंगणी ऑरेंज ड्वार्फ चांगली. ती तीन-चार वर्षांत धरते, पण खोबरं पातळ आणि आयुष्य कमी. संकरित जातींमध्ये बाणवलीवर ऑरेंज ड्वार्फचे पराग वापरून केलेली केरासंकरा आणि उलट केलेली चंद्रसंकरा या दोन जास्त ऐकायला मिळतात. दोन्ही चार-पाच वर्षांत धरतात, पण उन्हाळ्यात पाणी नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चंद्रसंकराचं रोप घेताना एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिची आई नारिंगी ठेंगणी. रोपाच्या पानांचे देठ जर तसेच स्वच्छ नारिंगी असतील तर ते संकरित नाही, आईवरच गेलंय. संकरित रोपाचा देठ तपकिरी-हिरवट असतो.

घरच्या बाणवलीचं रोप करायचं तर आई-माड २५ ते ६० वर्षांचा, गोल भरगच्च शेंड्याचा, आखूड जाड देठांच्या झावळ्यांचा आणि सलग काही वर्षं ८० च्या वर नारळ देणारा निवडा. विहिरीच्या, गोठ्याच्या किंवा मोरीच्या कडेचा नको, कारण तो स्वतःच्या गुणाने धरतो की सांडपाण्याने, ते कळत नाही. नारळ ११-१२ महिन्यांचा, हलवल्यावर आत पाणी वाजणारा असावा. उंच माडावरून तो खाली टाकू नका, दोरीने सोडा. सावलीत ठेवून मे-जूनमध्ये वाफ्यात रुजत घाला.

खरी निवड वाफ्यात होते आणि तिथेच आपण दयाळूपणा करतो. पाच-सहा महिन्यांत जो नारळ रुजला नाही तो काढून टाका. उशिरा रुजणारं रोप उशिरा धरतं, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून सिद्ध झालेलं आहे. नऊ ते बारा महिन्यांचं रोप लावायला घेताना पाच-सहा पानं, बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरच्या वर, आणि पानं लवकर फाटून झावळीसारखी दिसू लागलेली, एवढं पाहा. वाफ्यातली तिसरा हिस्सा रोपं बाद झाली तरी हळहळू नका. एक भिकार कवाथा (माडाचं रोप) लावलात तर पुढची साठ वर्षं त्याला सांभाळायचं आहे.

अंतर आणि खड्डा

दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट. एकरी ७० माड बसतात. आमच्या आजोबांनी पंधरा फुटांवर लावले होते, कारण जागा थोडी आणि हौस मोठी. त्या बागेतले माड प्रकाशाच्या शोधात बाहेर वाकले आहेत, आणि मधल्या माडांनी कधी पोटभर धरलंच नाही. जुनी दाट बाग असेल तर वहीतल्या आकड्यांनुसार सर्वांत कमी देणारे माड काढून टाका. काळजावर दगड ठेवावा लागतो, पण शेजारचे माड तीन-चार वर्षांत ती तूट भरून काढतात.

खड्डा चांगल्या मातीत एक मीटर लांब, रुंद, खोल. समुद्रकाठच्या पुळणीत पाऊण मीटर पुरतो. जांभ्यात मात्र सव्वा मीटर घ्यावा, आणि तळाशी दोन किलो मीठ लागवडीच्या सहा महिने आधी पसरावं. त्याने तळाचा जांभा मऊ होतो. आमच्याकडे खड्ड्यात मीठ घालायची रीत पूर्वापार आहे, तिच्यामागे हेच कारण असणार. मोठ्या माडाला दरवर्षी मीठ घालायची गरज मात्र नाही. म्युरेट ऑफ पोटॅश दिलं की त्यातलं क्लोरीन माडाला मिळतं.

खड्ड्याच्या तळाला सोडणांचे (नारळाच्या वरच्या तंतुमय सालींचे) थर, पोकळ बाजू वर करून. त्यावर वाळू, माती आणि कुजलेलं शेणखत यांचं मिश्रण, खड्डा अर्ध्यापर्यंत येईस्तोवर. मधोमध रोप ठेवून नारळ जेमतेम झाकेल एवढीच माती लोटा. बुंधा मातीत गाडला गेला की कोंब कुजतो. रोप वाढेल तसा खड्डा पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू भरत जा. पाऊस स्थिरावला की जूनमध्ये लावावं. जिथे पाणी तुंबतं त्या मळ्यात सप्टेंबरमध्ये, मोठा पाऊस ओसरल्यावर. पावसाच्या माऱ्याने पानांच्या बगलेत माती साचते, ती बोटाने काढत राहा. पहिले दोन उन्हाळे झापांची सावली आणि चार दिवसांआड सुमारे ४५ लिटर पाणी. या दोन उन्हाळ्यांत हयगय केली तर माड मरत नाही, पण धरायला दोन-तीन वर्षं उशीर करतो. मला वाटतं, कोकणातल्या निम्म्या बागांचं नुकसान इथेच होतं.

खत: किती, कुठे, कधी

पाच वर्षांच्या आणि त्यापुढच्या माडाला वर्षाला शेणखत ५० किलो, नत्र १ किलो, स्फुरद अर्धा किलो, पालाश १ किलो ही कोकणातली शिफारस. दुकानातल्या भाषेत ती अशी: युरिया सव्वादोन किलोच्या आत-बाहेर, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलोच्या थोडं वर, म्युरेट ऑफ पोटॅश पावणेदोन किलोच्या जवळ. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा, म्हणजे शेणखत १० किलो, युरिया सुमारे ४३५ ग्रॅम, सुपर ६२५ ग्रॅम, पोटॅश ३३५ ग्रॅम. दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, तिसऱ्या वर्षी तीन, असं वाढवत पाचव्या वर्षी पूर्ण.

शेणखत आणि सुपर सगळं जूनमध्ये, पहिला जोर सरल्यावर. युरिया आणि पोटॅश तीन सारख्या हप्त्यांत: जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी. पाणी देण्याची सोय नसेल तर फेब्रुवारीचा हप्ता वाया जातो, मग जून आणि सप्टेंबर असे दोनच करा. आपल्या जांभ्या मातीत आणि तीन हजार मिलिमीटरच्या पावसात एकरकमी दिलेलं खत ओढ्याला जाऊन मिळतं, त्यामुळे हप्ते चुकवू नयेत.

आणि खोडाशी ढीग घालू नका. माडाची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या परिघात, पण खोडाला चिकटून नव्हे तर पसरून असतात. आळं पावणेदोन ते दोन मीटर त्रिज्येचं करा, बुंध्याजवळची हातभर जागा सोडून उरलेल्या गोलात खत सारखं फेका आणि काट्याने वरच्या वीतभर मातीत मिसळा. माती आम्लधर्मी असेल तर खताच्या दोन-तीन आठवडे आधी माडाला किलोभर चुना किंवा डोलोमाइट द्या.

जुनी पानं पिवळी पडत असतील तर माडाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट देऊन पाहा. नवी पानं सुरकुतलेली, आखूड, टोकं एकमेकांना चिकटलेली, आणि बोंडं गळताहेत किंवा नारळ वेडेवाकडे, आतून पोकळ येताहेत, अशी लक्षणं बोरॉनच्या कमतरतेची. तिथे ५० ग्रॅम बोरॅक्स वर्षातून दोनदा आळ्यात. थोडी बोंडगळ मात्र सगळीकडेच असते. मादी फुलांपैकी साधारण तिसरा हिस्साच नारळ होतो, त्याने घाबरून जाऊ नका.

पाणी: ठिबक असेल तर मोठ्या माडाला थंडीत दिवसाला ३० आणि उन्हाळ्यात ४० लिटरच्या आसपास. पाटाने देत असाल तर तेवढं चार-पाच दिवसांचं एकदम. ठिबकचं तोंड एकच ठेवू नका, आळ्यात चार ठिकाणी ठेवा. ऑक्टोबर संपताना आळ्यात सुमारे शंभर सोडणं पाठ वर करून पसरा, त्यावर वाळल्या झावळ्यांचे तुकडे. मे महिन्यात ती उचलून पाहा, खालची माती हाताला गार लागते.

भुंगे, कोळी आणि कोंब

झावळी उमलल्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी कापे दिसले तर तो गेंड्या भुंगा. माडावर तो फक्त जेवायला येतो, त्याचं घर तुमचा शेणखताचा खड्डा आहे. तिथे अळ्या वाढतात. खड्डा उकरून अळ्या वेचा, मेटारायझियम बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा. शेंड्यातल्या वरच्या तीन बगलांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून, मिळून अर्धा किलो भरा. वर्षातून दोन-तीनदा हे केलं की बहुधा पुरतं. भोकात बसलेला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढा.

सोंड्या भुंगा वेगळा आणि जास्त घातकी. तो बहुतेकदा पाच ते वीस वर्षांच्या तरुण माडात शिरतो, खोडाला भोकं, त्यातून तपकिरी चिकट रस, आणि कान लावला तर आत चावण्याचा आवाज. शेंडा कलला की उशीर झालेला असतो. गेंड्याने केलेल्या जखमा आणि खोडालगत कापलेल्या झावळ्या हे त्याचे दरवाजे. म्हणून झावळी कापावीच लागली तर खोडाला मीटरभर देठ सोडून कापा. मेलेला माड तोडून चिरून जाळा, बागेत पडून राहू देऊ नका. कामगंध सापळा (वासाने भुंग्यांना ओढणारा) आपल्या बागेपुरता लावण्यापेक्षा वाडीने मिळून लावावा.

नारळाच्या देठाखाली फिकट त्रिकोणी डाग, मग तपकिरी भेगा आणि लहान राहिलेला नारळ, हे इरिओफाइड कोळ्याचं (डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म किडीचं) काम. हा भारतात १९९८ च्या सुमारास केरळात दिसला आणि मग किनाऱ्याने पसरला. लिटरभर पाण्यात २० मिली निंबोळी तेल, २० ग्रॅम लसणाचा रस आणि ५ ग्रॅम साबण मिसळून दोन ते पाच महिन्यांच्या पेंडींवर वर्षातून तीनदा फवारा. पोटॅश पोटभर मिळालेल्या माडाला त्याचा त्रास कमी होतो, हे मी माझ्या वहीतूनही सांगू शकतो.

पानांच्या पाठीवर पांढरी गोल नक्षी आणि खालच्या पिकांवर काळी बुरशी दिसली तर ती रुगोज पांढरी माशी. २०१६ मध्ये ती भारतात प्रथम तमिळनाडूत आढळली. इथे विषारी फवारणी करू नये असं मी ठासून सांगेन. एन्कार्सिया नावाचा बारीक मित्रकीटक तिला आटोक्यात ठेवतो आणि फवारणीत आधी तोच मरतो. जोरदार पाण्याने पानं धुवा, पिवळे चिकट सापळे लावा.

पावसाळ्यात मधला कोंब पिवळा पडून ओढल्यावर सहज हातात आला आणि घाण वास सुटला, तर कोंबकूज. सडलेला भाग निरोगी भाग लागेपर्यंत कापून काढा, तिथे दहा टक्के बोर्डो पेस्ट लावा (लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र) आणि पाऊस आत जाणार नाही असं झाका. शेजारच्या माडांवर मेअखेर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा.

मधली जागा

पहिली सात-आठ वर्षं ऊन भरपूर असतं: केळी, अननस, सुरण, भाजी. पुढे पंचवीस वर्षांपर्यंत सावली दाट, तेव्हा फार आशा ठेवू नका. त्यानंतर उजेड पुन्हा खाली उतरतो आणि मसाल्याचे दिवस येतात. भाट्ये केंद्राने हीच रचना 'लाखी बाग' म्हणून पुढे आणली: चार माडांच्या मध्यावर जायफळ, ओळीत दालचिनी, खोडावर मिरीचा वेल. जायफळाची कोकण सुगंधा आणि दालचिनीची कोकण तेज या विद्यापीठाच्याच जाती. मात्र प्रत्येक पिकाला त्याचं वेगळं खत आणि पाणी द्यावं लागतं. माडाच्या ताटातलं वाढून त्यांना जगवलं तर चौथ्या वर्षी माड तुम्हाला ते दाखवेल. कुंपणाला गिरीपुष्प लावा, त्याचा पाला आळ्यात घाला.

पाडणी आणि घरचं खोबरेल

शहाळं सहा-सात महिन्यांचं, नारळ पूर्ण पिकल्यावर. दीड ते दोन महिन्यांनी एक पाडणी. पाडेकरी मिळत नाहीत ही आता प्रत्येक वाडीची रड आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने चढायचं प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला आहे. गावातल्या दोन तरुण मुलामुलींना तिथे पाठवा आणि त्यांचा विमा आठवणीने काढा. माणूस चढलाच आहे तर त्याच पाडणीत शेंडा साफ करून घ्या आणि भुंग्याची भोकं बघून घ्या.

खोबरं करायचं तर मार्च ते मे. नारळ फोडून वाट्या उन्हात, पहिल्या दिवशी तोंड वर करून. दोन दिवसांनी खोबरं करवंटीपासून सुटू लागतं, ते काढून आणखी चार-पाच दिवस वाळवा. ओलं खोबरं निम्मं पाणीच असतं, ते सहा टक्क्यांवर आलं पाहिजे. मोडताना कडकन आवाज आला आणि नखाने तेल सुटलं की झालं. ओलसर वाट्या पोत्यात भरल्या तर आठवड्यात बुरशी धरतात आणि तेलाला खवट वास येतो.

घरापुरतं तेल हवं असेल तर ओल्या खोबऱ्याचं दूध काढून मंद आचेवर आटवा, शेवटी तपकिरी चोथा खाली बसतो आणि वर स्वच्छ तेल येतं. करपू दिलं नाही तर ते महिनोन् महिने टिकतं.

हिरांचे खराटे, करवंटीचा कोळसा, सुंभ यांना कोकणात गिऱ्हाईक आहे. पण उरलेली सोडणं विकू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन ओळींच्या मधोमध अर्धा मीटर खोल चर खणा, सोडणं पोकळ बाजू वर करून थराथराने रचा, प्रत्येक थरावर माती लोटा. त्यात साठलेलं पाणी उन्हाळ्यात मुळांना मिळतं आणि सोडणातला पालाश हळूहळू जमिनीत उतरतो. हा चर सहा-सात वर्षं काम देतो. तो कोणत्या ओळीत, कोणत्या साली घातला, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढचा चर शेजारच्या ओळीत घेता येईल.